जुन्या सामानातून परवडणारं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडकामातून निघालेल्या विटा, लाकूड, दारं-खिडक्या, कौलं वापरून घर उभं करू पाहणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. ज्यांना एकेक रक्कम मोजून खर्च करावी लागते त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. हौसेखातर एखादं जुनं दार शोधणाऱ्यालाही उपयोग होईल, पण सगळा भर पहिल्यांवर आहे.

खरंच स्वस्त पडतं का?

पडतं, पण सामान स्वस्तात मिळालं म्हणून घर आपोआप स्वस्त होत नाही. वीट फुकट मिळाली तरी ती काढायची, साफ करायची, गाडीत भरायची, उतरवायची, रचायची आणि पावसात झाकून ठेवायची असते. या प्रत्येक पायरीला मजुरी आहे. म्हणून नगाचा भाव विचारून थांबू नका. भिंतीत बसेपर्यंत एका विटेला किती पडलं, ते काढा. नव्या विटेचा हिशेबही तसाच करा आणि मग दोन आकडे शेजारी ठेवा.

यातली मेहनत घरच्या माणसांनी केली तर बचत मोठी असते. सगळंच मजुरीवर करून घेतलं तर ती झपाट्याने आटते आणि काही वस्तूंच्या बाबतीत उरतच नाही.

सर्वांत जास्त पैसे दारं-खिडक्यांत वाचतात. चौकटीसकट पूर्ण दार घेता तेव्हा लाकडाबरोबर सुताराचं कामही तयार मिळतं. त्याखालोखाल लांब तुळया आणि वासे, दगडी फरशी, कौलं आणि खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या. विटा जवळपास मिळत असतील तरच परवडतात, कारण वजनाच्या मानाने त्यांची किंमत कमी असते आणि वाहतूक सगळं खाऊन टाकते. भिंतीवरून उपटलेल्या टाइल्सच्या मागे तर अजिबात लागू नका. मागचं सिमेंट खरवडता खरवडता अर्ध्या फुटतात.

आधी नकाशा काढावा की आधी सामान जमवावं?

आधी सामान. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

नेहमीच्या पद्धतीत नकाशा ठरतो आणि त्यात बसेल असं सामान विकत येतं. जुन्या सामानाला हे चालत नाही. आधी नकाशा काढलात की तुम्ही तीन फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी शोधत हिंडता. ती मिळत नाही, मिळते ती कापावी लागते, वाढवावी लागते, आणि शेवटी काम अडलं म्हणून घाईने नवीन घेतली जाते. जुनं सामान महाग पडतं ते बहुतेक वेळा असंच.

त्याऐवजी जागा ठरली, किती खोल्या हव्यात ते ठरलं, दिशा आणि वारा पाहिला, की कच्चा आराखडा तेवढ्यावरच थांबवा आणि जमवायला लागा. एक वही ठेवा. प्रत्येक दार-खिडकीला खडूने नंबर टाका आणि वहीत त्याची चौकटीसकट रुंदी, उंची, चौकटीची जाडी, दार कुठल्या बाजूला उघडतं, काय मोडलंय हे लिहा. तुळयांची लांबी आणि छेद (जाडी व उंची) लिहा. ही वही भरत आली की मग पक्का नकाशा काढायला बसा. खोलीची रुंदी तुमच्याकडच्या सर्वांत चांगल्या तुळयांच्या लांबीवरून ठरू द्या. बारा फुटी तुळया जमल्या असतील तर खोली साडेदहा-अकरा फुटांची करा. तेरा फुटांच्या हट्टापायी सगळ्या तुळया बाद करू नका.

वेगवेगळ्या मापांच्या खिडक्या एका भिंतीत कशा बसवायच्या, हा प्रश्न यातूनच येतो. सगळ्यांची वरची कड एका पातळीत घ्या. जमिनीपासून सात फुटांवर, म्हणजे दारांच्या माथ्याशी जुळवून, लिंटेलचा, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईचा, एकच सलग पट्टा घरभर फिरवा आणि लहान-मोठ्या सगळ्या खिडक्या त्याच्या खाली टांगल्यासारख्या बसवा. खालच्या कडा वर-खाली झाल्या तरी नजरेला खुपत नाहीत. शिवाय गवंड्याला एकच पातळी सांभाळावी लागते आणि तोच पट्टा भूकंपाच्या वेळी भिंती एकत्र बांधून ठेवतो.

कुठल्या गोष्टी नव्याच घ्यायच्या?

पायातलं काँक्रीट, पट्ट्यांमधल्या आणि स्लॅबमधल्या सळया, सिमेंट, विजेच्या वायरी, स्विच आणि एमसीबी (वीज जादा वाहिली की आपोआप तुटणारे स्विच), भिंतीत गाडले जाणारे पाण्याचे पाईप, गॅसची नळी. यात काटकसर करू नका. दार जुनं निघालं आणि कुरकुरलं तर उद्या बदलता येतं. ही कामं घराच्या पोटात जातात. ती बिघडली तर घर फोडावं लागतं किंवा जीव धोक्यात येतो.

सळयांबद्दल वाद घातला जातो, म्हणून थोडं सविस्तर. स्लॅब फोडून काढलेली सळई वाकलेली असते. ती ठोकून सरळ करताना लोखंड त्या जागी पुन्हा ताणलं जातं आणि त्याचा लवचीकपणा कमी होतो. सळईचं खरं काम ऐनवेळी तुटण्याआधी वाकण्याचं आहे, आणि नेमका तोच गुण गेलेला असतो. वर गंजाने आतून किती खाल्लंय ते दिसत नाही. अशी सळई कुंपणाला, वेलीच्या मांडवाला, फाटकाला वापरा. डोक्यावरच्या स्लॅबमध्ये नको.

वीज नव्या वायरीनेच घ्या आणि सोबत ३० मिलिअँपिअरला तुटणारं गळती-संरक्षक यंत्र बसवा. जुन्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं आणि ते नळीच्या आत असल्यामुळे दिसतही नाही.

जुन्या विटा चांगल्या आहेत हे कसं ओळखायचं?

दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आवाज आला तर कच्ची किंवा आतून तडकलेली. खिळ्याने ओरखडा काढा. खोल चर पडला तर बाजूला ठेवा. कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चांगली वीट तुटत नाही. मग ढिगातल्या वेगवेगळ्या जागच्या पाच-सहा विटा घेऊन पाण्याची परीक्षा करा. कोरड्या विटेचं वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे कोरडी ३ किलोची वीट भिजून ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहायला हवी.

लोणा लागणाऱ्या विटा ओळखायला थाळीत बोटभर पाणी घेऊन वीट उभी ठेवा. पाणी आटून वीट सुकल्यावर पांढरी पूड अंगावर आली तर त्या विटेत क्षार आहेत. धुराड्याच्या, गोठ्याच्या आणि जुन्या संडासाच्या भिंतींमधल्या विटांत हे हमखास सापडतं. त्या घरात लावल्या तर गिलावा आणि रंग कायम सुटत राहतो.

आणखी एक गोष्ट पाडकाम चालू असतानाच पाहून ठेवावी. जुने गवंडी पक्क्या विटा बाहेरच्या तोंडाला लावत आणि कमी भाजलेल्या आतल्या भिंतींना. ढिगात सगळ्या मिसळल्या की रंगावरून अंदाज बांधण्यापलीकडे हाती काही राहत नाही. शक्य असेल तर बाहेरच्या आणि आतल्या विटांचे ढीग तिथेच वेगळे करून घ्या. आतली मऊ वीट पावसाच्या माऱ्याला लावली की काही वर्षांतच तिची तोंडं झडतात.

मापं वेगवेगळी असतील तर जाडीप्रमाणे गट करा. लांबीतला फरक उभ्या सांध्यात मुरतो, जाडीतला मुरत नाही आणि थर वाकडा होतो.

टिकाऊपणाबद्दल मात्र शंका नको. इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्स कॅथेड्रलचा मनोरा अकराव्या शतकात, शेजारच्या व्हेरुलेमियम या उजाड रोमन शहराच्या विटा आणून बांधला. तो आजही उभा आहे.

सिमेंटमध्ये बांधलेल्या विटा सोडवता येतात का?

क्वचित. सिमेंटचा सांधा बहुतेक विटांपेक्षा कडक असतो, त्यामुळे घाव घातला की सांधा सुटायच्या आधी वीट फुटते. चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या भिंतीचं याच्या उलट. वीट डाव्या हातात तिरपी धरायची, हातोडीची चपटी धार चुन्याच्या थराच्या कडेला लावायची आणि विटेच्या अंगाला समांतर हलकेच मारायचं. थर खपलीसारखा अखंड उडतो आणि खाली विटेचा मूळ पृष्ठभाग जसाच्या तसा दिसतो. हात बसला की एका विटेला चार-पाच टोले पुरतात. थरावर सरळ वरून मारलंत तर चुना विटेतच दबतो आणि कोपरे उडतात. साफ झाल्यावर तारेच्या ब्रशने धूळ काढा आणि बांधण्याआधी वीट भिजवा. धूळ राहिलेली वीट सांध्यातल्या नव्या मालाला धरत नाही.

म्हणून भिंत पाहायला जाताना खिशात एक खिळा न्या. सांध्यात तो टोचून पाहा. भुगा निघाला तर बोलणी करा. ठिणगी उडावी इतका कडक असेल तर त्या विटांचा विचार फक्त तुकडे म्हणून करा.

विटा पुरत नसतील तर?

भिंतीची बांधणी बदला. रॅट ट्रॅप बाँड या पद्धतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात आणि मध्ये पोकळी सोडतात. नऊ इंची भिंत तितक्याच जाडीची राहते, विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात, सांध्यांत भरायचा मालही कमी लागतो आणि पोकळीमुळे ऊन आत पोचायला वेळ लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळमध्ये ही पद्धत साध्या माणसांच्या घरांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली. यात विटेची रुंद बाजू दर्शनी येते, म्हणून अखंड कडांच्या, एका मापाच्या विटा निवडून ठेवाव्या लागतात. अद्धे-तुकडे यात चालत नाहीत. पोकळीत सामान कसं गाडायचं, खांबाच्या जागी भरीव कसं करायचं हे माहीत असलेला गवंडी हवा.

जुन्या लाकडात काय पाहायचं?

जुनं लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं. त्याला जेवढं आकसायचं, पिळायचं होतं ते होऊन गेलेलं असतं, म्हणून नव्या ओल्या लाकडापेक्षा ते विश्वासू. तरी प्रत्येक नग तपासावा लागतो.

सुरुवात टोकांपासून करा. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक सर्वांत आधी कुजतं, कारण तिथे ओल राहते आणि वारा लागत नाही. टोच्याने किंवा पेचकसाने दाबून पाहा. निरोगी लाकडात टोक जेमतेम रुततं आणि उचकटताना लांब कुसळ निघतं. कुजक्यात ते लोण्यासारखं शिरतं आणि तुकडा आखूड, ठिसूळ तुटतो. कुजका भाग कापून टाका आणि उरलेली लांबी वहीत लिहा. मग हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा. पोकळ आवाजाच्या जागी वाळवी आतून खाऊन गेलेली असते. वरचा पापुद्रा शाबूत दिसतो.

बारीक गोल भोकं असतील तर भोकांपेक्षा पिठाकडे लक्ष द्या. तुळई झटकून खाली कोरा कागद पसरून ठेवा. काही दिवसांनी कागदावर ताजं पीठ दिसलं तर कीड जिवंत आहे. ती घरात आणू नका, इतर लाकडाजवळही ठेवू नका. भोकं जुनी असून पीठ पडत नसेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचे हात द्या आणि वापरा. हे द्रावण पाण्यात विरघळतं, म्हणून पावसात उघड्या राहणाऱ्या लाकडावर त्याचा भरवसा धरू नका.

करवतीला किंवा रंध्याला लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. आत तुटलेला एक खिळा यंत्राच्या पात्याचे दात घालवतो आणि उडालेला तुकडा डोळा घालवू शकतो. चष्म्याशिवाय हे काम नाही.

ही तुळई माझ्या खोलीला पुरेल का?

नेमकं उत्तर लाकडाची जात, छेद, स्पॅन (दोन टेकूंमधलं अंतर) आणि वरचं वजन पाहून इंजिनिअरनेच द्यावं. पण एक गणित प्रत्येकाला माहीत हवं, कारण त्याने जुनं लाकूड वाया जायचं वाचतं. तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते आणि न लवण्याचा गुण उंचीच्या घनाने. दोन इंच जाड आणि सहा इंच रुंद फळी कडेवर उभी ठेवली तर ती आडवी ठेवल्यापेक्षा तिप्पट वजन पेलते आणि लवते फक्त एक नवमांश. म्हणून तुळई नेहमी उभी.

जुन्या तुळयांना खाचा आणि भोकं असतातच. ती कुठे आहेत याला महत्त्व आहे. तुळई वाकते तेव्हा मधल्या भागाची खालची बाजू सर्वांत जास्त ताणली जाते. तिथे खाच असेल तर तुळई उलटी करून खाच वर येते का पाहा. तेवढ्याने भागेल असं वाटत नसेल तर खाचेपाशी कापून आखूड स्पॅनला वापरा. कापायला जीव होत नाही, पण सोळा फुटी कमकुवत तुळईपेक्षा आठ फुटांचे दोन भक्कम तुकडे बरे.

जुने गर्डर, चॅनेल, अँगल?

सळयांची गोष्ट इथे लागू होत नाही. सरळ, न वाकलेला गर्डर पुन्हा वापरण्यात काहीच गैर नाही. गंजाचे पापुद्रे घासून काढल्यावर उरलेली जाडी कॅलिपरने तीन-चार जागी मोजा आणि इंजिनिअरला मूळ जाडी न सांगता हीच जाडी सांगा. आगीत सापडलेल्या इमारतीतलं लोखंड नको. ते एकसंध दिसलं तरी वाकलेलं-पिळलेलं असू शकतं आणि उष्णतेने गुण बदललेले असू शकतात.

छपरासाठी कौलं घ्यावी की पत्रे?

जुनी मंगलोरी कौलं मिळाली तर तीच. उलटं करून पाहा, पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. एका उतारावर एकाच ठशाची कौलं लावा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा मिलिमीटरने वेगळ्या असतात; दुरून सारखी दिसतात, पण एकमेकांत नीट बसत नाहीत आणि पाणी तिथूनच शिरतं. रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका, हातातली कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मोजा. बोटाने टिचकी मारून बद्द वाजणारी काढून टाका. शेवाळ घासलं की जातं, त्यासाठी कौल नाकारू नका.

चिरा पडलेली कौलंही कामाची आहेत. फिलर स्लॅबमध्ये काँक्रीटच्या खालच्या भागात, सळयांच्या चौकोनांत, ती भरीला घालता येतात. स्लॅबच्या त्या भागातलं काँक्रीट ताण पेलत नाही, ते काम सळया करतात. म्हणून तिथलं काँक्रीट वाचवता येतं आणि स्लॅबचं वजनही घटतं. हे मात्र इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच.

जुन्या पत्र्यांना खिळ्यांची भोकं असतात. बाद टोकं कापून, पत्रे आखूड करून, नवी भोकं पन्हळीच्या उंचवट्यावर पाडून वापरता येतात. सखल भागातलं प्रत्येक भोक गळणार, त्यात कितीही डांबर भरलं तरी. भोकाळलेले पत्रे उभ्या आडोशाला लावा.

जुन्या सामानात आरोग्याला धोका असणारं काय असतं?

या उत्तरातली काळजी कृपा करून पूर्ण घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

राखाडी रंगाचे जुने नालीदार सिमेंटचे पत्रे आणि पाईप ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते आणि कर्करोगासारखे आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी उघड होतात. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर संपूर्ण बंदी आहे. असे पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नका. घेतलेल्या जागेवर ते आधीच असतील तर कापू, फोडू, भोकं पाडू किंवा घासू नका. प्रशिक्षित माणसांकडून ओले करून, अखंड उतरवून घ्या.

दुसरा धोका जुन्या रंगातलं शिसं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, अनेक देशांत त्याहून बरीच उशिरा. थरावर थर चढलेल्या जुन्या दाराला शिसं आहे असं गृहीत धरूनच चाला. कोरडा पॉलिश पेपर मारू नका आणि ज्योतीने रंग जाळू नका. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, खरवड गोळा करून बंद पिशवीत ठेवा, आणि मुलं व गरोदर बाई यांना त्या जागेपासून लांब ठेवा. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. रंग घट्ट असेल तर न खरवडता वरून नवा हात देणं अनेकदा जास्त शहाणपणाचं.

रेल्वेचे लाकडी स्लीपर क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात. बागेच्या पायरीलाही मुलं अनवाणी खेळत असतील तर नको, घरात तर नाहीच. हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड आर्सेनिकयुक्त असू शकतं. ते चुलीत जाळू नका. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर ठसा शोधा. त्यावर ‘एचटी’ ही रोमन अक्षरं असतील तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ठसाच नसेल किंवा तेल-रसायनांचे डाग असतील तर सोडून द्या.

काचा कापून वापरता येतात का?

साध्या काचा येतात, जुन्या काचा ठिसूळ झालेल्या असतात म्हणून थोड्या जादा धरा. कोपऱ्यात बारीक ठसा असेल तर ती टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच असण्याची शक्यता मोठी. ती कापायला गेलात तर क्षणात दाणे होतात, म्हणून तिच्या मापाचीच चौकट करा. दारात आणि जमिनीलगतच्या खिडकीत टफन्ड किंवा लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली) काचच हवी. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या रूरल स्टुडिओने ॲलाबामामधल्या एका वस्तीत सामुदायिक जागा बांधताना गाड्यांच्या पुढच्या काचा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक लावल्या. त्या काचा लॅमिनेटेड असतात, फुटल्या तरी खाली कोसळत नाहीत.

संडासाचं भांडं, बेसिन, नळ?

भांडं आणि बेसिन तडा नसेल तर बिनधास्त घ्या. फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटरहून जास्त पाणी सोडतात. टाकी नवी बसवा. पितळी नळांना वायसर बदलला की झालं.

विटांचे तुकडे आणि राडारोडा?

जोत्याच्या आत भरावाला, अंगणाच्या खडीकरणाला आणि गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या थराला). भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करत घाला. त्यात लाकडाचे तुकडे आणि प्लास्टर ऑफ पॅरिस जाऊ देऊ नका. लाकूड वाळवीला बोलावतं, प्लास्टर ओल धरतं. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये खडी म्हणून हा माल वापरू नका.

परवानगी मिळेल का?

बहुतेक ठिकाणच्या नियमांना सामान जुनं आहे की नवं यापेक्षा ते भार पेलतं का, याच्याशी कर्तव्य असतं. म्हणून नकाशा मंजुरीला देण्याआधीच संबंधित कार्यालयात जाऊन विचारा आणि इंजिनिअरला सामान डोळ्यांनी पाहू द्या. त्याची फी वाचवू नका. जुनं सामान वापरायची मुळात तयारी असलेला इंजिनिअर शोधा. नाखुशीने सही करणारा प्रत्येक गोष्ट दुप्पट जाड सांगतो आणि तुमची बचत तिथेच संपते. कर्ज किंवा विमा घ्यायचा असेल तर त्यांनाही आधीच कळवा.

सामान घेताना कागद लागतो का?

लागतो. पाडकामाच्या मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं हे एका कागदावर लिहून सही घ्या, फुकट दिलं असेल तरीही. कोरीव खांब, देवळातलं लाकूड, जुन्या शिळा कुणी गुपचूप विकायला आणल्या तर हात लावू नका. त्या चोरीच्या असू शकतात आणि वारसा म्हणून संरक्षितही.

गवंडी आणि सुतार तयारच होत नाहीत. काय करावं?

त्यांचा नकार समजण्यासारखा आहे. प्रति फूट दराने काम घेतलं की एकसारख्या मापाच्या मालात त्यांचा हात भरभर चालतो आणि जुन्या मालात अडखळतो. नुकसान त्यांचं होतं. जुन्या मालाचं काम रोजाने द्या आणि तपासणी, साफसफाई, मापाप्रमाणे रचणं घरच्यांनी आधी करून ठेवा. सुताराला दारं दाखवूनच बोलवा. जुन्या जोडकामाची कदर असलेला वयस्क सुतार मिळाला तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे चला.

घर विजोड, गरिबासारखं दिसणार नाही का?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. ज्याने आपलं घर आपल्या ऐपतीत उभं केलं त्याला लाज वाटण्यासारखं यात काही नाही. दिसण्याचं म्हणाल तर चीनमधल्या निंगबो शहरातलं इतिहास संग्रहालय पाहा. वास्तुविशारद वांग शू यांनी पाडलेल्या खेड्यांच्या विटा आणि कौलं एकत्र रचून त्याच्या भिंती उभ्या केल्या. ते २००८ मध्ये पूर्ण झालं आणि २०१२ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. टेक्सासमधल्या हंट्सव्हिल गावी डॅन फिलिप्स यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी टाकाऊ सामानाची घरं बांधली आणि त्या कुटुंबांनाही कामाला लावलं. त्यांचं म्हणणं असं की एकच विचित्र वस्तू दोष वाटते, तीच पुन्हा पुन्हा आली की नक्षी होते. हे तंत्र तुम्हालाही वापरता येईल. पाच रंगांच्या फरशा असतील तर एकेका खोलीत उरल्यासुरल्या घालू नका, ठरावीक क्रमाने सगळीकडे फिरवा. सगळी दारं एका रंगात रंगवा. भिंतींचा रंग एकच ठेवा. नजरेला एवढा धागा पुरतो.

सामान कुठे आणि कसं ठेवायचं?

प्लॉटवरच, पण जिथे पाया खणायचा आहे तिथे नाही. हे उघड वाटतं, तरी ढीग दोनदा हलवायची पाळी बहुतेकांवर येते. लाकूड जमिनीपासून फूटभर उंच, थरांमध्ये पट्ट्या घालून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं ठेवा. प्लास्टिकने चारही बाजूंनी गुंडाळलं तर आत दमट होऊन कुजतं. दारं आडवी न रचता जवळपास उभी टेकवा, नाहीतर ती पिळतात. कौलं उभी लावा. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे ज्या दाराच्या त्याच दाराच्या नंबराच्या पिशवीत.

किती वेळ धरावा?

जमवायला बांधण्याइतकाच, कधी जास्त. भाड्याच्या घरात राहत असाल तर ते भाडंही या घराच्या खर्चातच धरा. ज्यांना घाई आहे त्यांनी जुनं सामान दारं-खिडक्या आणि फरशीपुरतं ठेवून बाकी नवं घ्यावं. तेवढ्यानेही बराच भार हलका होतो. ज्यांच्याकडे वेळ आहे पण पैसे हप्त्याहप्त्याने येतात त्यांनी एक खोली, स्वयंपाकाची जागा आणि संडास आधी पूर्ण करून राहायला जावं. पुढच्या खोल्यांसाठी जोतं आणि भिंतीचे दाते (पुढची भिंत गुंफायला बाहेर ठेवलेल्या विटा) आधीच सोडून ठेवले की नव्या भिंती नीट सांधता येतात.

काम संपल्यावर उरलेल्या सामानाचं काय करायचं?

छपरावर लावलेल्या ठशाची कौलं वीस-पंचवीस ठेवा, कारण त्या मापाची पुन्हा मिळतीलच असं नाही. फरशीचे प्रत्येक रंगाचे दोन-तीन नग आणि विटांचा एक छोटा ढीग दुरुस्तीसाठी राहू द्या. बाकीचं लगेच बांधकाम काढलेल्या दुसऱ्या कुणाला द्या, वहीतल्या मापांसकट. पडून राहिलेलं लाकूड एका पावसाळ्यात वाळवी खाते.